थांबली की थांबवली?

विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर सुटला, तो सुटलाच. गेली अठरा वर्षे मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरी, केशवसुत आणि व्याकरण ही माझी बारमाही पिके. अशा माणसाने दिवाळी अंकात बल आणि गती या विषयावर लेखणी उचलावी, हे पाहून आमच्या भौतिकशास्त्र विभागातले मित्र हसतील. खुशाल हसोत. पुढे जे सांगायचे आहे त्यात निम्मा भाग त्यांचा असला, तरी निम्मा माझा आहे. आणि माझा निम्मा त्यांच्या पुस्तकात नाही, अशी माझी समजूत आहे.

झाले असे की, माझी धाकटी बहीण येथून आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. 2023 च्या डिसेंबरात तिचा एकदा फोन आला.

"दादा, 'बल' या शब्दाला मुलांना समजेल असा एखादा शब्द सांग ना."

मराठीच्या प्राध्यापकाला शब्द मागणे म्हणजे हलवायाला पेढा मागण्यासारखेच. मी बसल्या बैठकीला डझनभर सांगितले : जोर, रेटा, धक्का, ओढ, ताण, दाब, हिसका, झटका... ती मध्येच म्हणाली, "अरे, हे सगळे त्यांना येतातच. म्हणून तर अडलंय. तू असं कर, एकदा वर्गावरच ये."

मी गेलो. एकदाच नव्हे, त्या हिवाळ्यात पाच-सहा वेळा गेलो.

तिचे अडले होते ते असे. आपल्या भाषेत ढकलणे, लोटणे, रेटणे, ओढणे, खेचणे, दाबणे, पिळणे, हिसडणे, भिरकावणे, टोलवणे अशी क्रियापदांची केवढी श्रीमंती आहे! चार वर्षांचे पोरही दार 'लोटते' आणि खुर्ची 'ओढते'. त्यात त्याची गफलत होत नाही. या सगळ्या क्रियांचा मिळून शास्त्रज्ञांनी एक शब्द केला, 'बल'. तो शाळेत पुढे सहावीच्या आसपास रीतसर भेटतो. परंतु मुलाच्या घरी हा शब्द आधीच राहायला आलेला असतो, आणि तो 'बळ' म्हणून. बळ हे कुणाजवळ तरी 'असते'. बैलात असते, पैलवानात असते, आजीच्या गुडघ्यात नसते. शास्त्रातले बल मात्र कुणाजवळ नसते. ते एका वस्तूकडून दुसरीवर लावले जाते. एकटीदुकटी वस्तू बलवान असेल, पण तिच्यात शास्त्राच्या अर्थाने बल साठवलेले नसते. एवढा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, असे बहिणीचे म्हणणे होते, आणि ते मला पटवण्यासाठी तिने मला वर्गात मागच्या भिंतीशी बसवले.

वर्गात एकतीस मुले. त्यांतली पाच ऊसतोड कामगारांची, गळीत हंगामापुरती आलेली. बीडकडून आईबापांबरोबर आली, साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर उतरली आणि हंगाम संपेपर्यंत या शाळेत दाखल झाली. ही मुले एका कोपऱ्यात बसत. बोलत नसत.

साहित्य म्हणाल तर एक जेवणाचा पाट, दोन विटा, मूठभर गोट्या, गोणपाट, सतरंजी आणि पाटीभर वाळू. पाटाचे एक टोक विटेवर टेकवून उतार केला. पाटावर खडूने एक रेघ मारली. गोटी सोडायची ती तिथूनच, आणि ढकलायची नाही, नुसती सोडायची. पाटाखाली पाळीपाळीने गोणपाट, सतरंजी, वाळू आणि शेवटी उघडी फरशी. नियम एकच : गोटी सोडण्यापूर्वी ती कुठे थांबेल ते प्रत्येकाने खडूने खूण करून सांगायचे. आधी पैज, मग प्रयोग.

या पैजेचे महत्त्व मला त्या दिवशी कळले. ज्याने खूण केली त्याचा जीव त्या गोटीत अडकतो. नुसते पाहणारा मुलगा 'थांबली' म्हणून मोकळा होतो. पैज लावलेला मुलगा 'इथंच का थांबली?' म्हणून भांडायला उठतो. गोणपाटावर गोटी चार विती गेली, सतरंजीवर सात. वाळूत ती पाटाच्या पायथ्याशीच रुतली. फरशीवर सव्वीस विती जाऊन भिंतीला आपटली, आणि भिंत नसती तर किती गेली असती यावर दहा मिनिटे वाद झाला.

मग बाईंनी विचारले, "गोटी थांबली का?"

उत्तरे ऐकण्यासारखी होती. "दमली," एक म्हणाला. "तिला तिथंच थांबायचं होतं," असे पुढच्या रांगेतली एक मुलगी अगदी खात्रीने म्हणाली. बहुतेकांचे उत्तर एकच होते : "जोर संपला."

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. 'जोर संपला' हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपल्या कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुटलेल्या बाणाचा विचार आहे. पहिली हालचाल धनुष्याच्या दोरीने दिलेल्या ढकलण्यामुळे, पुढची 'संस्कारा'मुळे, आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे पतन, अशी ती मांडणी. सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया येथे फिलोपोनस नावाचा पंडित होऊन गेला. फेकणारा माणूस वस्तूत काहीतरी जोर भरतो आणि तो हळूहळू सरतो, असे त्याचेही मत. त्याच्या आधीचा ॲरिस्टॉटल तर फेकलेल्या दगडाला मागून हवा ढकलत राहते असे मानी. म्हणजे चौथीतली मुले जे बोलली ते थोरामोठ्यांच्या पंक्तीत बसून बोलली. कणादाने न्यूटनच्या आधीच सारे सांगून ठेवले होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, डोळ्यांना दिसते त्यावरून शहाणा माणूस प्रथम याच निष्कर्षाला येतो. त्याला तेथून पुढे न्यायचे तर 'चूक!' म्हणून तांबडी रेघ ओढून भागत नाही.

बाईंनी रेघ ओढली नाही. त्यांनी विचारले, "जोर संपला म्हणता, बरं. गोटी सोडली एकाच रेघेवरून. म्हणजे जोर सारखाच. मग गोणपाटावर तो लवकर का संपला, आणि फरशीवर उशिरा का?"

वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी म्हणाले, "गोणपाटानं खाल्ला."

"काय खाल्लं?"

"जोर."

"बरं. मग आता मला सांगा, गोटी थांबली, की थांबवली?"

हा प्रश्न ऐकला आणि मागच्या भिंतीशी बसलेला व्याकरणाचा मास्तर ताठ झाला. कारण प्रश्न विज्ञानाचा असला तरी त्याचा सांधा माझ्या दुकानातला होता. मराठीत या क्रियापदांच्या जोड्या आहेत : थांबणे-थांबवणे, हलणे-हलवणे, वळणे-वळवणे, फिरणे-फिरवणे, पडणे-पाडणे. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते. दुसऱ्यात ती कुणीतरी करवावी लागते. 'गोटी थांबली' म्हटले की वाक्य पुरे झाले. पुढे काही विचारायचे उरत नाही. 'गोटी थांबवली' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणी? कर्ता हजर करावा लागतो, आणि त्याला तृतीयेचा 'ने' लावावा लागतो. गोणपाटाने थांबवली. वाळूने थांबवली. भिंतीने थांबवली. मोरो केशव दामले यांचे 1911 सालचे मोठे व्याकरण मी वर्षानुवर्षे चाळत आलो आहे. पण प्रयोजक क्रियापदात यंत्रशास्त्र दडले आहे, हे मला चौथीच्या वर्गात समजले.

आणि खरोखर, सतराव्या शतकात युरोपात जी उलथापालथ झाली ती याच एका प्रत्ययाची होती, असे म्हटले तर भौतिकशास्त्रवाल्यांनी रागावू नये. जुने लोक विचारीत, वस्तू चालते ती का? थांबते त्याचे त्यांना नवल नव्हते; थांबणे हा वस्तूचा स्वभावच मानला होता. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडले, घरंगळण्याचा वेळ भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावरून मोजला, आणि ते सारे 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. मनाशी त्याने असाही हिशेब केला : पृष्ठभाग जसजसा गुळगुळीत करावा तसतसा गोळा दूर जातो, मग अडवणारे काहीच नसेल तर? तर तो थांबायचाच नाही. न्यूटनने 1687 साली याचा पक्का नियम केला. तेव्हापासून 'थांबली' हे क्रियापद यंत्रशास्त्रातून हद्दपार झाले. जे थांबले ते थांबवले गेले. जे वळले ते वळवले गेले. करणारा दिसत नसेल तर शोधा.

चौथीच्या वर्गात हा शोध कसा लागला ते आता सांगतो, कारण त्याचे श्रेय ना बाईंचे ना माझे.

तिसऱ्या भेटीच्या वेळी खोक्याची छोटी गाडी होती. तिला बाटलीच्या झाकणांची चाके, पुढे ओढायला एक रबर आणि रबरामागे पट्टी. रबर किती ताणले जाते ते पाहायचे, म्हणजे जोर किती लागला ते कळते. गाडी रिकामी असताना ओढा, मग दगड भरून ओढा. मुलांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली : गाडी हलताना रबर खूप ताणले जाते, आणि चालू लागली की आखडते. काहींना वाटले, आपलेच मोजायचे चुकले. पुन्हा ओढले, पुन्हा तेच.

कोपऱ्यातून आवाज आला, "तसंच असतंय."

बीडकडचा मुलगा. तीन आठवड्यांत वर्गात प्रथमच बोलत असावा, कारण सगळ्यांच्या माना वळल्या. बाई म्हणाल्या, "सांग की."

"बैलाला गाडी हलवायला लई जोर लागतो, बाई. भरली गाडी असली तर गुडघ्यावर येतेत बैलं. एकदा निघाली की मंग काय नाही, चालती आपली."

"आणि उतारावर?"

तो हसला. "उताराला तर थांबवायलाच जोर लागतो! माझा बाप म्होरं जाऊन जू धरतो अन् आई चाकाला दगड लावती. न्हाई लावला तर गाडी बैलांच्या अंगावर जाती."

शांतता पसरली. गाडी चालवायला जोर लागतो हे एकतिसांना ठाऊक होते. थांबवायलाही लागतो, आणि कधी कधी चालवण्यापेक्षा जास्त, हे त्या एकट्याने अंगाने पाहिले होते. रात्री दोन वाजता ऊस भरलेल्या गाडीवर बसून कारखान्याच्या रांगेत उभे राहिलेले हे पोर. 'विराम स्थितीचे जडत्व' आणि 'गतीचे जडत्व' हे दोन जड शब्द पुस्तकात शेजारी शेजारी असतात. त्याच्याकडे एका बाजूला बैलाचे गुडघे होते आणि दुसऱ्या बाजूला आईच्या हातातला दगड. त्या दिवसापासून तो कोपऱ्यातून उठून दुसऱ्या रांगेत आला. त्याला कुणी उठवले नाही. मुलांनीच सरकून जागा दिली.

भिंतीचा खेळ सर्वांत गमतीचा. मुलाने भिंतीला दोन्ही हातांनी रेटायचे. भिंत हलत नाही. बल लागले का? वर्गाचे मत पडले, नाही. हलले नाही तर बल कसले? ही समजूत फार घट्ट असते. मग बाईंनी बाक मध्ये ठेवून दोन्हीकडून दोन दांडगी पोरे लावली. बाक जागचा हलेना, पोरांचे चेहरे लाल. "आता?" रस्सीखेच खेळलेल्या मुलांना हे पटले : दोन्हीकडचा जोर सारखा, म्हणून हलेना, जोर नाही असे नाही. नंतर एका हलक्या मुलीला फरशीवर रिकाम्या पोत्यावर बसवले आणि भिंतीला पाय लावून रेटायला सांगितले. ती घसरत मागे गेली आणि ओरडली, "भिंतीनं मला ढकललं!" सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. भिंतीला कर्तरी जागेवर बसवायला माणसाला हजारो वर्षे लागली आहेत.

पडण्यापाशी मात्र हे शोधणे अडते, आणि तेथे माझ्या बहिणीचे कौतुक वाटले. "खडू सोडला तर पडला, की पाडला?" "पडला! कुणी पाडला नाही. सोडला की पडतोच." हात लावणारे कुणी दिसत नाही, त्यामुळे येथे 'पाडणारा' सापडत नाही. जड वही आणि कागद एकदम सोडले तर वही आधी. तोच कागद चुरगळून गोळा केला तर जवळजवळ बरोबर. आणि सपाट कागद वहीच्या वर ठेवून सोडला तर दोघे जोडीने. एवढे मुलांनी स्वतः पाहिले. 1971 साली अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवा नाही तिथे, हातोडा आणि पीस एकदम सोडले, आणि दोन्ही बरोबरच खाली आले, हेही तिने सांगितले. पण पृथ्वी ओढते, ही गोष्ट तिने सरळ सांगून टाकली. "हेही तुम्हीच शोधा" असे म्हणाली नाही. हाताने करून शिकण्याच्या नावाखाली काही ठिकाणी मुलांपुढे साहित्य टाकून बाई खिडकीपाशी उभ्या राहतात. अशा खेळात मुलाला मौज वाटते आणि न्यूटन सापडत नाही. जे सापडण्याजोगे आहे ते सापडू द्यावे, जे नाही ते प्रेमाने सांगावे. कुठे कोणते करायचे हे ओळखण्यातच मास्तरकी आहे.

आता कुणी विचारील, एवढा खटाटोप चौथीत कशाला? सहावीत येईल, आठवीत येईल, पुढे विज्ञान शाखेला जाणारे शिकतीलच. हा आक्षेप त्या शाळेतही आला, आणि तो साहेबांच्या तोंडून आला. एके दिवशी वरिष्ठ कार्यालयातून एक अधिकारी तपासणीला आले. मी त्या दिवशी नव्हतो. बहिणीने सांगितले ते लिहितो. साहेब वाईट नव्हते. पाट, विटा पाहून खूष झाले, फोटोही काढला. मग त्यांनी नेमके बीडच्या मुलालाच उभे केले आणि विचारले, "बल म्हणजे काय?" हा शब्द बाईंनी वर्गात मुद्दामच अजून आणला नव्हता. मुलगा गप्प राहिला. पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. "उपक्रम चांगले, पण हा भाग वरच्या इयत्तेचा. मूलभूत पाठ्यांशाकडे लक्ष द्यावे," असा शेरा वहीत पडला, आणि त्या मुलाच्या नावापुढे 'अप्रगत'.

मला त्या शेऱ्याचा राग आला असे लिहिले तर ते फार सौम्य होईल. पण राग बाजूला ठेवून आक्षेपाचा विचार करू. उशिरा शिकले तर बिघडते का? अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयातल्या मुलांना विचारले होते : दोरीला बांधून गरगर फिरवलेला गोळा दोरी तुटल्यावर कसा जाईल? बऱ्याच जणांनी वाकडी वाट काढून दाखवली. हे त्याने 1983 साली प्रसिद्ध केले. गोफण फिरवून जोंधळ्यावरची पाखरे हाकणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना हा प्रश्न घालावा. दगड सरळ सुटतो म्हणून तर नेम साधता येतो. दुसरी गोष्ट हार्वर्ड विद्यापीठातली. तिथले प्राध्यापक एरिक माझूर यांनी यंत्रशास्त्र शिकवून झाल्यावर अगदी साधे, रोजच्या अनुभवातले प्रश्न घातले, तेव्हा एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी द्यायची, की मी एरवी विचार करतो तशी? माझूर यांनी पुढे शिकवण्याची रीतच बदलली. या एका प्रश्नात सगळे दुखणे आले. परीक्षेपुरते एक डोके, वागण्यापुरते दुसरे! आणि दोन्ही एकाच खांद्यांवर. शब्द आधी आला आणि गोष्ट मागाहून आलीच नाही, म्हणजे असे होते. वय वाढते, तसे हे दुसरे डोके निबर होत जाते. नऊ-दहा वर्षांचे मूल मात्र अजून गोटीशी भांडायला तयार असते.

आपल्याकडे हे कुणी केले नाही असेही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला. 1982 साली निघालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे चालवला. मुलांच्या हाती पाठांतराचे पुस्तक नव्हते, 'बाल वैज्ञानिक' नावाच्या कार्यपुस्तिका होत्या. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा, आणि प्रात्यक्षिकाला गुण. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 साली रजा काढून तिथे गेले. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून आकार जोडण्याची त्यांची युक्ती तिथे जन्मली. पुढे ते पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी त्यांनी महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातांत दिली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र 2002 साली सरकारी हुकुमाने बंद झाला. तीस वर्षे चाललेली गाडी. ती थांबली नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

एवढे सांगून, अडचणी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. साठ मुलांच्या वर्गात एक पाट पुरत नाही. गोटीच्या चार फेऱ्यांत एक तास जातो, आणि त्याच तासात फळ्यावर तीन व्याख्या उतरवून होतात. शिवाय मुलाने 'भिंतीनं ढकललं' म्हटले, याला किती गुण द्यायचे? त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. माझ्या बहिणीने यावर एक युक्ती काढली. वर्गात एक पाठकोरी वही टांगली आणि मुलांनी तिच्यात 'थांबवणारे' लिहायचे : कुठे काय थांबले आणि कुणी थांबवले. पहिले पान गोणपाट, वाळू, ब्रेक, आईचा दगड. पुढच्या पानांवर पाणी (विहिरीत टाकलेला खडा सावकाश बुडतो), हवा (पतंग), चिखल. चिखलापुढे कुणीतरी लिहिले होते : 'चिखल थांबवत नाही म्हणून आपण पडतो.' घर्षण नसते तर पाऊलही टाकता आले नसते, हा पुस्तकातला मुद्दा. पण हे वाक्य त्याहून चांगले आहे, आणि हे मी पेपर तपासणारा माणूस म्हणून सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा बाईंनी फळ्यावर 'बल' हा शब्द लिहिला. म्हणाल्या, ढकलणं, ओढणं, दाबणं, थांबवणं, वळवणं, या सगळ्यांना मिळून मोठी माणसं हे नाव देतात. मुलांनी तो शब्द घेतला, न बिचकता. जी वस्तू आधीच घरात आहे तिला नाव मिळाले, इतकेच. बीडच्या मुलाने मात्र हात वर केला आणि विचारले, "मंग साहेब तेच इचारत व्हते का?"

मार्चमध्ये गळीत हंगाम संपला आणि कोप्या उठल्या. तो मुलगा गेला. त्याच्या नावापुढचा शेरा बहिणीने बदलून घेण्यासाठी दोन अर्ज केले. एकाचे उत्तर आले नाही, दुसरा कार्यालयात आहे. त्याच्याबरोबर तिने एक चिठ्ठी दिली आहे, त्याच्या गावच्या गुरुजींना : याला बैलगाडीबद्दल विचारा.

दिवाळीची सुट्टी चालू आहे, तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना एक सुचवतो. पाट, गोट्या, गोणपाट यांना खर्च नाही. भुईचक्र ठिणग्या एकीकडे टाकते आणि स्वतः कुठे फिरते, ते लांबून बघायला सांगा. उत्तर सांगू नका. आणि मुलांचा किल्ला तर अंगणात आयताच तयार असतो. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी भाचरे आमच्याकडे आली होती. त्यांनी किल्ल्याला घाटरस्ता केला आणि वरून गोटी सोडली. पहिल्याच वळणावर ती रस्ता सोडून सरळ खंदकात गेली. पुन्हा सोडली, पुन्हा खंदक. चारदा तेच झाल्यावर धाकट्याने वळणाच्या बाहेरच्या अंगाला ओल्या मातीचा कठडा थापला. पाचव्यांदा गोटी कठड्याला घासत गेली आणि खाली दरवाजापर्यंत पोहोचली.

"वळली!" तो नाचू लागला.

"वळवली," मोठी म्हणाली, आणि दुसऱ्या वळणाला कठडा घालायला माती कालवू लागली.